अण्णांनी न सांगितलेले दोन झटके

मल्लिनाथअण्णांची माझी पहिली ओळख झाली ती हवेत. सोलापूरजवळच्या आमच्या उड्डाण प्रशिक्षण केंद्रात वाऱ्याची नोंद घेऊन ती विमानांना रेडिओवरून कळवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मी सोलापूरच्याच भवानी पेठेतल्या एका माग कामगाराची मुलगी, शिकाऊ वैमानिक. कानात त्यांचा आवाज आला, की खाली आपलं माणूस आहे असं वाटायचं.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी एकटीच विमान घेऊन उतरत होते. अण्णांनी वारा बेताचा असल्याचं सांगितलं. विमान जमिनीला टेकणार, तोच शेजारच्या कुंभारी गावाच्या अंगाने वादळ आलं. विमान एकदम उचललं गेलं, एक पंख जमिनीला घासला आणि मी शेजारच्या रानात विमानासकट उलटले. खांद्याचं हाड मोडलं.

चौकशीत सगळा रोख माझ्यावर होता. पोरगी घाबरली, परवाना रद्द करा, इतकं ते सोपं होतं. अण्णांना कुणी काही विचारलंही नव्हतं. तरी ते उठले.

"सायेब, इमान उतरायच्या आदी वाऱ्याचे दोन मोठे झटके मी बगितले हुते. खांबावरची वारं दावनारी कापडी पिशवी फुगली आन् परत पडली, म्हणून बोललो न्हाय. पोरीची चूक न्हाय."

नोंदवहीत ते झटके नव्हते. ते गप्प बसते, तर कुणाला पत्ताही लागला नसता. माझा परवाना वाचला आणि अण्णांची रवानगी वर्षभरासाठी सामानाच्या खोलीत झाली. मी रडतच त्यांना भेटायला गेले, तर म्हणाले, "रडतीस कशाला? हितं वारं लागत न्हाय, बरं हाय की."

रेडिओवर परतल्यावर मात्र पिशवी जराशी हलली तरी अण्णा कळवू लागले. टेबलावरचा पंखा लावला तरी अण्णा उड्डाणं थांबवतील, अशी केंद्रातली शिकाऊ मुलं चेष्टा करत. अण्णा हसत आणि कळवतच राहत. आज मी प्रवासी विमान चालवते. वादळात सापडलेल्या विमानाची बातमी वाचली, की खाली रेडिओवर कोण होतं, हेच आधी मनात येतं. मी आज वैमानिक आहे ती अण्णांमुळे, हे सर्वांसमोर सांगायची संधी या गौरव अंकाने दिली.

अण्णांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. परवा फोनवर तब्येत विचारली, तर म्हणाले, "बरी हाय. चालताना दोनदा तोल गेला. सांगून ठेवतो."

अण्णा, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. पुढचा प्रत्येक झटका असाच कळवत राहा. ऐकायला मी आहे.