बिनचेहऱ्याचा बोर्ड

“चेहरा नको मामा, आवाज हाय की,” असं म्हणत तो माझ्या काउंटरवर पेन ड्राइव्ह ठेवायचा आणि माझं डोकं तिथंच फिरायचं.

माझं डिजिटल बोर्डांचं दुकान. कोल्हापुरात माणूस निवडून येवो, दहावी पास होवो, नाहीतर नुसता वर्षानं मोठा होवो, चौकात त्याचा बोर्ड लागतो. त्यावर त्याचा चेहरा, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. ह्या शहाण्याला मात्र काळ्या बोर्डावर मुंगीएवढी पांढरी अक्षरं हवी असायची. गिरणीच्या माडीवर त्याची एक खोली होती, तिला तो ‘लेबल’ म्हणायचा, म्हणजे गाण्यांची कंपनी. तिथं कॉम्प्युटरवर संगीत करायचं, आपल्यासारख्याच दोघातिघांचं गोळा करायचं, इंटरनेटवर सोडायचं आणि अधूनमधून कार्यक्रम घ्यायचा, असा सगळा कारभार.

संगीत तरी कसलं? एकदा त्यानं दुकानात ऐकवलं. मी म्हटलं, “फ्रीजचा गॅस संपलाय वाटतं.”

“हे कळायला वेळ लागतो, मामा.”

“लेका, ह्याच्यावर नाचायचं कसं?”

“नाचायचं न्हाईच. बसून ऐकायचं.”

ज्या गावात डॉल्बी लागली की खिडक्यांच्या काचा थरथरतात, तिथं हा माणसांना बसून ऐकायला बोलवत होता. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, बघा. पहिल्या कार्यक्रमाला मी, चहावाला आणि स्पीकर भाड्यानं देणारा, एवढेच होतो. त्यातला स्पीकरवाला झोपला.

त्याचे वडील शिरोलीला फौंड्रीत फोरमन. त्यांनी शेवटचं सांगून टाकलं, “ह्या खेपंला हॉल भरला तर तुझं तू बघ. न्हाईतर खोलीला कुलूप लाव आणि माझ्यासंगं चल.”

नवीन रिलीज फौंड्रीतल्याच आवाजांचं होतं. जाऊन जाऊन सगळं रेकॉर्ड करून आणलेलं. बोर्ड तसाच, काळाकुट्ट. मधोमध तेवढं ठळक त्याचं नाव वडिलांच्या नावासकट, खाली सायंकाळी सहा आणि हॉलचा पत्ता. बाकी मजकूर रस्त्यावरून दिसणारही नाही इतका बारीक.

“अरे, निदान एक हसरा फोटो टाक.”

“चेहरा नको मामा, आवाज हाय की.”

मरू दे म्हटलं आणि छापला. आदल्या संध्याकाळी शिरोलीच्या रस्त्याला लावला. दुसऱ्या दिवशी फौंड्रीला सुट्टी होती.

हॉल भरला. चपला ठेवायला जागा उरली नाही. पण माणसं पांढऱ्या कपड्यांत, पडलेल्या तोंडानं आली होती आणि काहींच्या हातात हार होते. काळा बोर्ड, त्यावर नुसतं नाव आणि वेळ. फोरमनचा पोरगा गेला, असंच त्यांनी वाचलं होतं. अशा वेळी आपल्याकडं कुणी फोन करून विचारत नाही, माणूस सरळ येऊन सतरंजीवर बसतो. आणि दारात हा जिवंत उभा, “या, बसा” म्हणत. त्याला बघून माणूस चरकायचा, हार पाठीमागं लपवायचा, पण आलोय तर लगेच उठायचं कसं म्हणून बसायचा.

संगीत सुरू झालं. सगळे शोकसभेसारखे गप्प. कुणी मोबाइलसुद्धा काढला नाही. बऱ्याच वेळानं एक टोपीवाला हळूच म्हणाला, “ह्यो आपल्या भट्टीचा ब्लोअर न्हवं?”

“व्हय. जुन्या भट्टीचा,” शेजारचा म्हणाला.

मग सगळे पुढं सरकून ऐकायला लागले. मला ते संगीत आजही फालतूच वाटतं. पण त्या वेळी त्याचं तोंड असं फुललं होतं की मलाही बरं वाटलं. ते काय मी नाकारत नाही.

“हॉल भरला की, आबा,” तो शेवटी वडिलांना म्हणाला.

“माझ्या जित्या पोराला हार घेऊन आली माणसं,” वडील म्हणाले. “बास झालं आता.”

आईनं घरी मीठमोहऱ्या उतरून टाकल्या आणि ‘हे बंद कर’ म्हणून अन्नाला शिवली नाही. वडिलांशी तो भांडला असता, पण तिच्यापुढं त्याचं काही चाललं नाही. माडीला कुलूप लागलं.

आता तो फौंड्रीत सुपरवायझर आहे. माझ्या दुकानावरून गाडीवर जाताना हात करतो, थांबत नाही. परवा त्याच्या गल्लीतल्या तालीम मंडळाची पोरं त्याच्या वाढदिवसाचा बोर्ड करायला आली. फोटोत डोक्याला फेटा, डोळ्यांवर गॉगल, खाली शुभेच्छुकांची रांग. मला राहवेना. मी त्याला फोन लावला.

“चेहरा केवढा करू रे?”

“करा की मामा, केवढाबी.”

फोनवर त्याच्या मागं भट्टीचा ब्लोअर ऐकू येत होता. मी म्हटलं, “ऐकतोस का न्हाई अजून?”

“काय?”

“ऐकतोस का?”

“मामा, ह्या आवाजात काय बी कळंना झालंय,” तो म्हणाला. “ठेवतो.”