कात्रीने कापलेला दंड

"दिवसभर परक्या पोरींच्या कंबरा बारीक करतेस, मग घरातली उपाशी राहील नाहीतर काय?" नवरा म्हणाला.

"हळू बोला, ती आत आहे."

"ऐकू दे. आधी ते काम सोड."

"मी सोडलं की जगातले सगळे फोटो जाड होणार आहेत का?"

तोंडाने तिने ठणकावलं खरं, पण आतून ती पार खचली होती.

कपड्यांच्या कॅटलॉगचे फोटो दुरुस्त करायचं तिचं काम, बारा वर्षांचं. स्टुडिओत तिला 'कात्री'च म्हणत. पोट आत, हनुवटीखालची वळी गायब. चहा पितानाही उजवा हात माऊसवरच. याच सवयीत, गेल्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाचा फोटो उजळायला घेतला आणि पोरीचा दंड बोटभर कमी करून बसली. लक्षात आलं तोवर फोटो भिंतीवर लागला होता. मग मूग गिळून बसली. दोन महिन्यांनी पोर न जेवताच ताटावरून उठू लागली. नवऱ्याला फक्त काम ठाऊक होतं, दंडाचं तिचं तिलाच.

लेक भाताची बशी घेऊन बाहेर आली. आठ महिने दवाखान्याच्या खेपा घातल्यावर आता कुठे गाल भरत होते.

"मी तुझा दंड कापला होता गं," आई बोलून गेली. "त्या फोटोत."

"माहितीये. तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय? मैत्रिणींना दाखवला. म्हटलं, आमच्या मातोश्री ऑफिस घरी आणतात. जाम हसलो. हे तू वर्षभर मनात घेऊन बसलीस?"

आई खुर्ची ओढून बसली. रडू येतंय की हसू, तिचं तिलाच कळेना. किती दिवसांनी पुरता श्वास घेतला.

बाप मात्र हटेना. "म्हणजे फोटोंचा काहीच दोष नाही?"

"आहे ना, बाबा. फोनवर सारखं तेच बघायचे. पण तेच फोटो वर्गातल्या सगळ्या पोरींनी बघितले, त्या नाही उपाशी राहिल्या. मला आधीच माझा राग यायचा. किती बारीक व्हायचं, ते फोटोंनी सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, या आजाराला कारणं खूप असतात, एकालाच धरून आणता येत नाही."

"राग? तुला गं कसला राग यायचा?" बापाने विचारलं.

पोरीने बशी चाटूनपुसून संपवली. आत जाऊन पातेल्यातला आणखी भात वाढून घेतला, आणि प्रश्न बापापाशीच ठेवून, खात खात त्याच्या समोरूनच दाराबाहेरच्या पायऱ्या उतरून गेली.