भिंतीकडची बाजू

भिवंडीत राहून हाताने लेस विणायची म्हणजे मिठागराशेजारी राहून परातीत मीठ सुकवायचं. आमच्या गल्लीतल्या लूमवर चहा पिऊन होईतो जेवढं कापड निघतं, तेवढी लेस विणायला मला अख्खा चातुर्मास लागतो. बाजारात मशीनची लेस किलोवर मिळते. तरी दर गुरुवारी दुपारी आम्ही पाच-सहा बायका राहनाळला काकींच्या पडवीत क्रोशाच्या सुया घेऊन बसतो. याला छंद म्हणतात. आमच्या घरचे दुसरं काहीतरी म्हणतात, पण ते असो.

काकींच्या शेतांवर गोदामं उभी राहिली आणि घराचा तीन मजली बंगला झाला. काकी मात्र अजून पडवीतच बसतात. आम्हा सगळ्यांना क्रोशा त्यांनीच शिकवला. आमच्यातल्या भाभीच्या तर घरचेच लूम आहेत. "इतने में हमारे यहाँ कपड़े का पूरा थान उतर जाता है," असं ती दर गुरुवारी म्हणते आणि सगळ्यांत मन लावून विणते.

क्रोशात ज्याचा त्याचा हात असतो. भाभीचा सैल, माझा घट्ट. माझे टाक्यांचे सगळे खांब एका उंचीचे, सगळ्या जाळ्या एका मापाच्या. त्याचा मला अभिमान होता आणि तो मी कधी झाकून ठेवला नाही.

यंदा काकींच्या नातीचं लग्न ठरलं. त्यांच्या घरात रुखवतात विकतची वस्तू कधी मांडलेली नाही. म्हणून काकींनी टेबलक्लॉथ करायला घेतला आणि त्याच्या लांब बाजूला लेस विणायला सुरुवात केली. पण अलीकडे त्यांचा हात कापतो. एक बाजू कशीबशी झाली. कुठे खांब आखूड, कुठे जाळीतून करंगळी जाईल एवढं भोक. आम्ही सगळ्याजणी "छान झालीय" म्हणालो. खोटं बोलण्यात आमचा हात कापत नाही.

काकींनी कापड माझ्या मांडीवर ठेवलं. "बाय, हात आयकत न्हाय आता. दुसरी बाजू तू कर. मांडताना तुजी पुढं घे, माजी भिंतीकडं. पोरीला सासरचं कुनी हसाया नको."

हसत म्हणाल्या, पण मला ते ऐकवलं नाही. घरी येऊन मी जीव ओतून विणलं.

लग्न कोन गावाच्या रस्त्यावरच्या हॉलमध्ये होतं. टेबल भिंतीला लावलेलं, माझी लेस पुढे झुलत होती. मीही तिथंच सहज उभी होते, म्हणजे कुणी विचारलं तर सापडावी म्हणून. विहीणबाई आपल्या बायकांना घेऊन रुखवत बघायला आल्या. लेस चिमटीत धरली, उलटून पाहिली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "भिवंडीत काय, हवी तशी तयार मिळते. आमच्याकडेही हल्ली विकतचंच आणतात."

मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. पण टेबलापाशी उभ्या काकींचा चेहरा उतरला. भोवती गावातल्या बायका होत्या. काकींनी रुखवतात विकतचं मांडलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत पार खारबाव गावाला पोचली असती. मला असा राग आला म्हणून सांगू. पण हाताची आहे, मी विणलीय, असं म्हटलं तर आजीच्या नावावरचं रुखवत दुसऱ्याच बाईने केलं असं झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचं कौतुक सांगायची खरी गरज होती आणि सांगता येत नव्हतं.

भाभीने टेबलावरची लाडवांची ताटं उचलून माझ्या हातात दिली आणि टेबलक्लॉथ सरळ फिरवला. भिंतीकडची बाजू पुढे आली. काकींनी डोळे मिटले.

विहीणबाईंचं बोट लेसवरून सरकत गेलं आणि त्या मोठ्या भोकापाशी थांबलं.

"ही कुणी विणली?"

"मीच," काकी म्हणाल्या. "हात कापतो माजा."

विहीणबाईंनी बोट काढलं नाही. "आमच्या आईचा असाच कापायचा," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी तिने विणलेलं आम्ही कुणी ठेवलं नाही. वाकडं दिसतं म्हणून." मग त्या काकींशेजारी उभ्या नवरीकडे वळल्या. "हे मशीनमध्ये टाकायचं नाही हं. मी धुईन हाताने."

काकी रडल्या. भाभीही रडली. माझ्या दोन्ही हातांत लाडू होते, त्यामुळे मला डोळेही पुसता येईनात.

टेबलक्लॉथ मग कुणी परत फिरवला नाही. पुढच्या गुरुवारी काकींनी मला जवळ बसवलं आणि त्यांचा कापरा हात माझ्या सुईवरच्या हातावर ठेवला.

"जरा सैल धर, बाय."

मला अजून जमलेलं नाही.