पोलीस क्लिअरन्स आणि सचिनची आई

कुणालाही नुसतं विचारा, "तुझ्यावर कधी पोलीस केस झाली होती का?" आणि चहा मागवून बसा! दोहात, अल नस्र भागातल्या आमच्या कंपनीत मी एचआरला आहे. नव्या माणसाकडून भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट घेणं हे माझं काम. किस्से साचणारच.

वसईचा ब्रायन अकाउंट्सला लागला. सर्टिफिकेट मागितलं, तर चर्चच्या फादरचं पत्र घेऊन हजर!

"अरे, पोलिसांचं हवंय."

"पोलीस मला ओळखत नाहीत मॅडम. फादर बाप्तिस्म्यापासून ओळखतात."

परत पाठवला. तर फादरचंच दुसरं पत्र आणलं, या वेळी शिक्का मारून.

पुण्याचा निखिल, आयटीतला. 'पोलिसांनी कधी अडवलं आहे का?' या प्रश्नापुढे पठ्ठ्याने 'हो' लिहिलं. मी हबकले! हेल्मेट नव्हतं म्हणून चौकात थांबवलं होतं, एवढंच. पण पोलिसांचंच कसं चुकलं, यावर पानभर पुरवणी जोडलेली. आमच्या इजिप्शियन मॅनेजरनी ती शांतपणे पूर्ण वाचली. म्हणाले, "खलास. याला क्लायंटसमोर नेऊ नका."

आणि सचिन. लातूरकडचा, साइटवर सेफ्टी ऑफिसर. सोळाव्या वर्षी मारामारीत एकाचं डोकं फोडलं होतं, काही महिने बालसुधारगृहात काढले होते. हे त्यानेच मला सांगितलं. सर्टिफिकेटवर ते आलं की नोकरी गेली, अशी त्याची खात्री. मी म्हटलं, "अरे, लहानपणची केस यात धरत नाहीत." त्याला पटेना. खरं सांगू, मलाही धाकधूक होतीच.

चौकशीला हवालदार गावी गेला. 'विचारतील तेवढंच बोल,' असं सचिनने आईला बजावलं होतं.

"सचिन कायम इथंच राहायचा ना?" हवालदाराने विचारलं.

"हो. सुधारगृहातले दिवस सोडून."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मावशी, आमच्याकडं असलं काही नाही. लेकरांच्या केसचे कागद नंतर नष्ट करतात. तुम्ही कशाला उकरून काढता?"

"तुमच्याकडं नसंल. गावात सगळ्यांना पाठ हाय."

हे फोनवर ऐकल्यापासून सचिनचं जेवणावरून मन उडालं.

सर्टिफिकेट आलं. कोरं! माझ्या केबिनमध्ये बसूनच त्याने आईला फोन लावला, स्पीकरवर. रडतच होता.

"आई, माझ्यावर काहीच नाही, असं लिहून दिलंय सरकारनं!"

आईने विचारलं, "इंग्रजीत हाय का?"

"हो."

"मराठीत करून धाड. देवळाच्या भिंतीला लावते."