सुनेच्या नावाची नळी

सोलापूरला उमादेवी बिराजदार यांच्या घरात दोन फ्रिज आहेत. एकात दूध, दही, मेथीची जुडी. दुसऱ्यात थुंकी. पहिल्यांदा त्यांनी थुंकीच्या नळ्या घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी दह्याचं पातेलं बाहेर काढलं आणि उन्हाळाभर घराला आंबट दही खायला घातलं. शेवटी उमादेवींचे यजमान मल्लिकार्जुन एक जुना फ्रिज घेऊन आले. "आईचं दही आणि तुझं संशोधन, दोन्ही नासायला नको," एवढंच म्हणाले.

उमादेवी मूळच्या सास्तूरच्या. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा त्या उमरग्याला कॉलेजात होत्या, म्हणून वाचल्या. धाकटा भाऊ गेला. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना माहिती विचारायला सारखं कुणी ना कुणी यायचं. एका बाईनं आईला विचारलं, "झोप लागते का?"

"लागती की. का न्हाय लागायची?" आई म्हणाली.

रात्ररात्र आई शेडच्या दारात बसून असायची, हे शेजारी बसलेल्या उमाला माहीत होतं. ती बाई उत्तर लिहून पुढच्या शेडकडे गेली. "खोटं कशाला सांगितलंस?" उमानं विचारलं, तर आई म्हणाली, "परक्या बाईपुढं काय रडगाणं गायचं?"

माणूस दुसऱ्यासमोर वेगळं का बोलतो, हा पुढे उमादेवींचा अभ्यासाचाच विषय झाला. सामाजिक मानसशास्त्रात एमए केलं, सोलापूरच्या एका कॉलेजात शिकवू लागल्या, आणि पीएचडीसाठी सासू-सुना घेतल्या. लोहारा आणि उमरगा तालुक्यांतल्या गावागावांतून प्रश्नावल्या भरून आणल्या. सगळ्या सुना म्हणाल्या, चांगलं चाललंय. सासू आत भाकरी थापत असली तरी चांगलं, शेतात गेलेली असली तरी चांगलं. "आत्या लई मायाळू हायत," असं सांगताना एकीची नजर दारावरून हलली नाही. पीएचडी मिळाली, सत्कार झाला. उमादेवींनी तो जाड ग्रंथ कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. त्यांच्या मते त्यात फक्त एवढंच सिद्ध झालं होतं की सुनांना कुणासमोर काय बोलावं ते कळतं.

चाळिशी ओलांडल्यावर त्यांच्या वाचनात आलं की ताणाचं एक संप्रेरक थुंकीत मोजता येतं. माणूस झोपेतून उठला की पहिल्या अर्ध्या तासात ते चढतं, आणि कसं चढतं यावरून पुष्कळ काही समजतं. मग त्या बिनपगारी रजा घेऊन हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत गेल्या. तिथली पोरं त्यांच्या मुलीच्या वयाची. त्यांना आंटी म्हणायची. दहावीनंतर जीवशास्त्र सोडलेल्या या आंटीनं पहिल्या महिन्यात तीन वेळा अख्ख्या दिवसाचं काम वाया घालवलं. पण त्या टिकल्या. तिथले प्रमुख डॉ. अमरनाथ पुढे त्यांचे सहकारी झाले. आणि व्याख्यानात उमादेवींचं एक वाक्य ठरून गेलं: तोंड खोटं बोलेल, देह बोलत नाही.

हे वाक्य घेऊनच त्या सास्तूरला परतल्या. साठेक घरांतल्या सासू-सुनांची थुंकी, वर्षातून दोनदा. एकत्र राहणाऱ्या सुनांवर वेगळ्या राहणाऱ्यांपेक्षा जास्त ताण असतो का, हे पाहायचं होतं. नळ्या वाटायला आणि गोळा करायला गावातली आशाताई इरम्मा होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण तिला दार उघडत नाही असं एकही घर नाही.

"डॉक्टरीण म्हनत्यात अन् गुडघ्याला एक गोळी देईना," एक म्हातारी म्हणाली. "वरून थुंकी मागती."

"मावशी, मत मागणाऱ्याला मत देता, मग आमी तर थुंकी मागतोय. द्या की," इरम्मा म्हणाली.

तिसऱ्या वर्षी हैदराबादहून आकडे आले. उमादेवी जेवणाच्या टेबलावर ते बघत बसल्या आणि एका ओळीपाशी थांबल्या. कमलबाईंची सून प्रतीक्षा, वय चोवीस. ताणाच्या संप्रेरकाबरोबर त्या आणखी एक मोजत. ते तरुणपणी भरपूर असतं आणि साठीकडे उतरत जातं. माणसागणिक फरक पडतो, पण चोवीस वर्षांच्या मुलीत ते म्हातारीइतकं कमी नसतं. प्रतीक्षाचं तसं होतं. पहिल्यांदा त्यांच्या मनात आजारच आला. चैत्रात त्या मुलीचं सातव्या महिन्यात बाळ गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या गाडीनं निघाल्या.

कमलबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. उमा फ्रॉकमध्ये होती तेव्हा त्या या गावात लग्न होऊन आलेल्या.

"प्रतीक्षाला बरं नाही का, काकू?" उमादेवींनी विचारलं.

"बरी हाय. तेरला गेलीय माहेरी. काय झालं?"

उमादेवींनी आकड्याचं सांगितलं. डॉक्टरला दाखवावं लागेल म्हणाल्या. कमलबाईंचं सूप थांबलं. त्यांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं.

"तिला काय झालं न्हाय, उमा. ती थुंकी माझी हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? इरम्मा म्हनली, पहाटं पाचला नळी भरून ठिवायची. लेकरू गेल्यापास्नं पोरीला रातच्याला झोप न्हाय. या कुशीवरनं त्या कुशीवर. पहाटं कुठं डोळा लागतो तिचा. त्या वक्ताला उठवू व्हय तिला? थुंकीसाठी?" त्या पुन्हा पाखडू लागल्या. "म्या दोन नळ्या भरल्या. एका चुलीवरचं खातो आमी. माझी काय अन् तिची काय."

उमादेवींना हसू आलं. "मग इरम्माला सांगायचं होतं. ती कधी उठते तेव्हा घेतली असती. उठल्याबरोबर घ्यायची, एवढंच हवं होतं."

"अन् सून आठ वाजस्तोवर निजती म्हनून गल्लीभर करायचं? आमच्या ह्यांना पण ठावं न्हाय. ते पहाटंच रानात जात्यात."

परतीच्या गाडीत उमादेवी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. 'पहाटे पाच' हे त्यांनीच इरम्माला सांगितलं होतं. सुना पाचला उठतातच, हे त्या धरून चालल्या होत्या. आणि आणखी एक गोष्ट त्या आयुष्यभर धरून चालल्या होत्या, की माणसं वाईट ते झाकतात. सुनेला राबवणारी सासू ओट्यावर बसून मोठ्यानं सांगते, आमच्या वक्ताला आम्ही चारला उठायचो. सुनेला निजू देणारीलाच दार लोटून घ्यावं लागतं.

मग बाकीच्या घरांचे आकडे त्यांनी नव्यानं तपासले. जिथं शंका आली तिथं इरम्माला न घेता गेल्या, आणि सरळ विचारलं. कमलबाईंसह नऊ घरं निघाली. एकीची सून पोलीस भरतीचा अभ्यास करत जागायची. एकीच्या सुनेला तान्हं रात्री झोपू द्यायचं नाही. एक सासू म्हणाली, "तिला उठवत न्हाय माझ्यानं," आणि कारण सांगितलं नाही.

अमरनाथांना फोन केला. ते म्हणाले, "नऊ घरं काढून टाका. दुसऱ्याचे नमुने आहेत, नियमच आहे. आणि बघितलंत का, ती काढल्यावर निकाल उलट जास्त ठळक येतो."

तो खरंच ठळक येत होता. एकत्र घरातल्या सुनांवरचा ताण आकड्यांत असा उभा राहत होता की कुणीही छापलं असतं. अनुदान देणाऱ्या संस्थेला अहवाल मार्चमध्ये द्यायचा होता. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती, आणि इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच होतं.

मल्लिकार्जुन भाजी निवडत होते. म्हणाले, "काढून टाकलीस तर ते चूक आहे का?"

"नाही. नियमानं बरोबर आहे."

"मग अडलंय कुठं?"

"जिथं सुनेला झोपू देतात नेमकी तीच घरं बाहेर जातात. राहिलेल्यांवरून मी लिहिणार, सास्तूरच्या सासवा अशा असतात."

मल्लिकार्जुननी निवडलेली भाजी पातेल्यात टाकली. "म्हणजे आणखी एक वर्ष फ्रिज."

"हो."

अहवालाला मुदतवाढ मागितली. ती मिळाली, पण पुढची मदत मिळणार नाही असं कळवण्यात आलं. सगळ्या घरांतून नव्यानं नमुने घ्यायचं ठरलं, जी जेव्हा उठेल तेव्हाचे. त्या नऊ घरांत उमादेवी स्वतः जाणार होत्या.

"म्या का गल्लीभर सांगत फिरते व्हय, अक्का?" इरम्मा रुसली.

"नाही फिरत?"

इरम्मानं थोडा विचार केला. "कळलं असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "चांगलं असलं तर चांगलं म्हनून सांगितलं असतं. पन सांगितलं असतं."

कमलबाईंच्या घरी त्या गेल्या तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. कमलबाईंचा मुलगा धनाजी मोटरसायकल अंगणातून हातानं ढकलत बाहेर नेत होता. सरळ रेषेत आखलेल्या त्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत त्यानं ती तशीच नेली आणि तिथं जाऊन किक मारली.

"बिघडलीय का?" उमादेवींनी विचारलं.

"न्हाय. आवाज लई करती," कमलबाई म्हणाल्या. "तू पन हळू बोल."

दोघी ओट्यावर बसल्या. बर्फाचा डबा उमादेवींच्या पायाशी. कमलबाईंनी चहा आणला. बशी ठेवताना खालून बोट लावलं, वाजू नये म्हणून. हल्ली सून थोडं जास्त झोपते, असं त्या म्हणाल्या. कधी कधी दुपारी हसते पण. तेवढ्यात समोरची बाई घागर घेऊन आली.

"कमलाक्का, सून दिसंना कुठं. उठली का न्हाय अजून?"

कमलबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांचं तोंड उघडलं, पण नेहमी तयार असलेलं उत्तर आज, उमादेवी शेजारी असताना, येईना. आयुष्यभर ही बाई लोकांचं खरं शोधत आलीय, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

"ती मघाशीच गेली की मळ्यात," उमादेवी म्हणाल्या. "मला इथं येताना वाटेत भेटली."

"व्हय का? लई सकाळी उठती बाई," समोरची म्हणाली आणि नळाकडे गेली.

कमलबाईंनी चहाचा घोट घेतला. उमादेवींकडे पाहिलं नाही, फक्त अंग थोडं सरकवून त्यांना भिंतीला टेकायला जागा करून दिली. ऊन ओट्याच्या पायरीपर्यंत आलं. डब्यातल्या बर्फाचं पाणी व्हायला लागलं होतं. उमादेवींनी घड्याळ पाहिलं नाही.

मग आतून कडी वाजली. प्रतीक्षा दारात आली. केस सुटलेले, गालावर उशीची वळी. ओट्यावर पाहुणी बघून ती गोंधळली, डोक्यावर पदर ओढू लागली.

"आत्या, उठवायचं न्हाय का? किती उशीर... बाई केव्हाच्या..."

"आदी थुक," कमलबाई म्हणाल्या. "मग बोल."

उमादेवींनी नळीचं झाकण काढून तिच्यापुढं धरलं.