गुरुजींनी चहा घेतला नाही

आमच्या गुरुजींचं एक होतं. पोरगं तीन दिवस शाळेत दिसलं नाही की चौथ्या दिवशी त्यांची सायकल दारात. ओरडायचे नाहीत, रागवायचे नाहीत. ओट्यावर बसायचे, पिकापाण्याचं बोलायचे, आणि चहा आला की कप उचलून बाजूला ठेवायचे. "पोरगं शाळेत आलं की येतो प्यायला." एवढं बोलून चालायला लागायचे.

शहरातल्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं? पण आमच्याकडं दारात आलेला माणूस चहा न घेता गेला तर घरच्या बाईला जेवण गोड लागत नाही. त्यात आमचं घर शिनोलीजवळच्या बौद्धवाडीत. गावातली बाकीची माणसं वाडीत यायची, कामाचं बोलायची, पण चहाचं नाव काढलं की त्यांना एकदम घाई व्हायची. गुरुजी बदलून आले त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या ओट्यावर बशीत ओतून फुर्र फुर्र करत चहा प्यायले होते, वर अजून अर्धा कप मागितला होता. आई ते चारचौघींत सांगत फिरायची. अशा माणसानं कप बाजूला ठेवला म्हणजे काय झालं असेल, तुम्हीच बघा.

आमच्याकडं त्यांनी कप ठेवला मी सातवीत असताना. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, बटाट्याच्या काढणीला जायचे आणि धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी ठेवलं होतं. गुरुजी गेल्यावर दादा जे भडकले! "लई शाना लागून गेला! आमच्याच घरात येऊन आमालाच लाजवतो व्हय!" आई नुसती भरल्या कपाकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी भावाला काखेत मारून मी शाळेत. तो व्हरांड्यात झोपला, मी गणितं केली. संध्याकाळी गुरुजी आले आणि दोन कप चहा प्यायले.

पुढं नव्वदचं दशक सरता सरता आमचे गुरुजी खासदार झाले. पक्षाला म्हणे माणूस मिळत नव्हता. गुरुजींनी नोकरी सोडली, फॉर्म भरला, आणि ज्या ज्या घरांत त्यांनी चहा नाकारला होता त्या सगळ्या घरांनी त्यांना मतं दिली. दादा तर डिंभे धरणापर्यंत प्रचाराला गेले, "आमचा गुरुजी, आमचा गुरुजी" करत. मी हसून हसून बेजार.

त्याच सुमारास माझं लग्न झालं, जुन्नर तालुक्यात. मी डी.एड.चं पहिलं वर्ष पास झाले होते. बोलणीच्या वेळी सासरे म्हणाले होते, "शिकू दे की." ते आळेफाट्याला गॅरेजात मेकॅनिक. माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. लग्न झाल्यावर म्हणाले, "एक वर्स झालं ना? बास झालं. सून रोज एसटीनं कालेजला जानार आन लोक आमालाच इचारणार." नवऱ्याचं तोंड वडिलांपुढं कधी उघडलं म्हणून आताच उघडणार होतं! मी रडले, भांडले, दोन दिवस भांडी आपटली. दुसऱ्या वर्षाला नाव लावायला आठ दिवस उरले होते. ते वर्ष गेलं की पुन्हा कुणी मला घराबाहेर पडू देणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि त्याच आठवड्यात खासदार आमच्या वस्तीत आले, समाजमंदिराच्या भूमिपूजनाला. कार्यक्रम झाल्यावर त्यांना आमच्याच घरी आणलं, कारण खुर्च्या आमच्याकडं होत्या. मी पदर घेऊन पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा" म्हणाले. आता सांगते, ते सगळ्यांनाच तसं म्हणत होते. सासूबाईंनी वेलदोडा घालून केलेला चहा आणला. गुरुजींनी कप घेतला, त्याच्याकडं क्षणभर बघितलं आणि बाजूला ठेवला. "आज नको," म्हणाले. कार्यकर्ते घाई करत होते, गाडी सुरू झाली, गेले.

चुलतसासरे म्हणाले, "दिल्लीचं पाणी लागलं. आता आपल्या घरचा च्या कसा चालंल?" सासऱ्यांचा चेहरा असा पडला की मला माझा राग विसरायला झालं. आयुष्यभर हे सोसलेला माणूस तो. आज दारात खासदार आला म्हणून सकाळी दाढी करून बसले होते.

पण मला ते सहनच होईना. माझ्या गुरुजींबद्दल असलं बोलतात! नवी सून होते, तरी दारातूनच बोलले, "तसं नाही. गुरुजी असल्या गोष्टी पाळत नाहीत. ज्या घरात शिकणारं लेकरू घरी बसवलंय, त्या घरात ते चहा घेत नाहीत. शिनोलीला कुणालाही विचारा."

सासऱ्यांनी मान वर केली. "तुला वळखलं व्हतं त्यांनी?"

"ओळखलं की," मी म्हणाले. खोटं बोलले. म्हणजे तेव्हा मला ते खरंच वाटत होतं, निदान अर्धं तरी.

ते रात्रभर काय विचार करत होते देव जाणे. सकाळी स्कूटर काढली आणि हाक मारली, "सूनबाई, कागदं घे. नाव लावून येऊ." जुन्नरात उतरल्यावर म्हणाले, "त्यांना सांग, आमच्याकडं च्या राह्यलाय म्हणून." मला मेलीला रडूच आलं, भर रस्त्यात.

मी मास्तरीण झाले. काही वर्षांनी बदली डिंभ्याकडं झाली. तोवर गुरुजी पुढची निवडणूक हरले होते. पाच वर्षांत काय केलं, असं लोक विचारायचे. मोठं असं काही नव्हतं. चार रस्ते, दोन बंधारे आणि पोतंभर शिफारसपत्रं. लोकांना दुसरा माणूस हवा होता, मिळाला. दादाही फिरले. मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही.

एका रविवारी पेढे घेऊन गुरुजींच्या घरी गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर ओळखलं, तेही भावामुळं, व्हरांड्यात झोपणारा तो. मी सगळं सांगितलं, अगदी सासऱ्यांच्या निरोपासकट. मला वाटलं, खूश होतील.

गुरुजी खाली बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, मला त्या वर्षी साखर निघाली होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. कार्यकर्ते म्हणाले, कुठं बोलू नका, आजारी माणूस म्हणतील. म्हणून कप ठेवला." मान न उचलता पुढं म्हणाले, "तुझी शाळा बंद होती हे मला माहीतच नव्हतं. आधी दारात पाय ठेवला की पहिलं तेच विचारायचो. खासदार झालो आणि विचारायचं राहूनच गेलं."

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की गुरुजींनी मला ओळखलं होतं. राग आला, खोटं कशाला बोलू! मग त्यांच्याकडं बघितलं आणि तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

गुरुजींनीच विचारलं, "तुझ्या वर्गात सध्या कोण येत नाही?"

"सहावीतली एक पोरगी. धरणावर मासेमारी करतात तिचे वडील. नऊ दिवस झाले. मी दोनदा जाऊन आले."

त्यांनी चपला घातल्या. "तुझी गाडी आहे ना? चल."

माजी खासदार माझ्या स्कूटीवर मागं बसून डिंभ्याला आले, एका हातानं टोपी धरून. त्या घरात एकच गडबड उडाली. जाळं बाजूला सारलं, घोंगडी अंथरली. पोरगी आतल्या दारामागून बघत होती. तिच्या आईनं चहा आणला आणि वर म्हणाली, "घ्या सायेब. साखर घातली न्हाई बरं का. तुमचं आमाला समदं म्हाईत हाय."

गुरुजींनी कप हातात घेतला. माझ्याकडं बघितलं नाही. कप बाजूला ठेवला.

"पोरगी उद्या शाळेत आली की येतो प्यायला," म्हणाले, आणि उठले.

तिचा बाप लालबुंद झाला. मला माझे दादा आठवले. रस्त्याला लागेपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही, आणि डोळेही पुसले नाहीत. स्कूटी चालवायची होती.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिचं नाव आलं. मी वर न बघताच थांबले. "हजर," पोरगी म्हणाली. संध्याकाळच्या एसटीतून गुरुजी उतरले, तिच्या घरी गेले आणि दोन कप चहा प्यायले.