सुलतानाचे भाऊबंद आणि माझा सोफा

नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापूरला बिशानमध्ये राहायचो. हे पूर्वी जहाजावर इंजिनिअर होते, मग किनाऱ्यावर ऑफिसची नोकरी लागली आणि मी लगेच नवा सोफा घेतला. पण ह्यांचे दोन जुने सोबती जहाजावरची पाळी संपवून साइन ऑफ झाले की थेट आमच्याकडे मुक्कामाला. सोफ्यावर ओले टॉवेल, हॉलभर बॅगा, आणि उठताबसता "वहिनी, चहा!"

त्याच सुमारास मी लायब्ररीतून मध्ययुगातल्या तुर्की टोळ्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. बी.ए.ला इतिहास होता ना माझा, तेवढ्यावर ऐट! सेल्जुक म्हणजे मुळात गवताळ प्रदेशातून मेंढ्या हाकत आलेले लोक. भाऊबंदांच्या घोड्यांच्या जोरावर त्यांनी इराणचं तख्त मिळवलं. आणि मग? राजे होताच त्यांना तंबूवाल्या भाऊबंदांचीच अडचण व्हायला लागली! त्यांच्या मेंढ्या उभी पिकं खायच्या, शेतसारा बुडायचा. हाकलणार तरी कसं? मग सुलतानांनी त्यांना सरहद्दीकडे, अनातोलियाच्या बाजूला वळवलं. कुरणं आहेत, लूट आहे, जा तिकडे.

मी टुणकन उठले. केवढी हुशार मी, असं तेव्हा मला फार वाटायचं. सिंगापूरमध्येच, पण आमच्यापासून लांब क्वीन्सटाउनला, आमच्या ओळखीचा पुण्याचा एक आयटीवाला अख्ख्या फ्लॅटमध्ये एकटाच राहत होता.

"भावजी, तिथे तुम्हाला ऐसपैस होईल. त्यालाही सोबत."

"वहिनी, हाकलताय का आम्हाला?"

"छे हो! मोहिमेवर पाठवतेय."

गेले बिचारे. सोफा झळकला. पण शनिवार आला की हेही "जरा जाऊन येतो" म्हणून क्वीन्सटाउन गाठायला लागले. हळूहळू रविवारचं जेवणही तिकडेच. मी सोफ्यावर एकटी.

पुस्तक पुढे वाचलं, तर तिथेही तेच! इराणातलं राज्य आपसांत भांडून खिळखिळं झालं आणि सरहद्दीवर गेलेल्यांनी तिकडे चांगला जम बसवला. त्या सुलतानांपैकी एखाद्याला कधी भाऊबंदांच्या तंबूत जाऊन बसावंसं वाटलं असेल का? पानं चाळून चाळून शोधलं. कुठे लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी कोलंबीचं कालवण डब्यात भरून MRT, म्हणजे तिथली मेट्रो, पकडली. दार उघडंच होतं. चौघे जमिनीवर रमी खेळत बसलेले.

"या वहिनी! मोहीम बघायला आलात?"

हे मान वर न करता म्हणाले, "सरक रे जरा. हिलाही पानं वाट."

मी मांडी घालून बसले. पानं लावता लावता म्हटलं, "पुढच्या शनिवारी सगळे बिशानला या."

"आधी हा डाव तर संपू दे, वहिनी," भावजी पान टाकत म्हणाले. डाव चालू होता.